ओडिशातील लोक कार्तिक पौर्णिमेला पाण्यात छोट्या होड्या का सोडतात? हा सण आपल्या नारळी पौर्णिमेसारखाच आहे का?

या सणाला ओडिशात ‘बोइत बंदाण’ म्हणतात. बोइत म्हणजे खोल समुद्रात जाणारे मोठे गलबत आणि बंदाण म्हणजे त्याची पूजा करून त्याला ओवाळणे. प्राचीन कलिंगाचे, म्हणजे आजच्या ओडिशाच्या किनाऱ्याचे व्यापारी, ज्यांना तिथे ‘साधव’ म्हणतात, याच सुमारास जावा, सुमात्रा, बाली आणि सिंहलद्वीप (श्रीलंका) या दिशांना निघत, आणि त्यांच्या घरच्या स्त्रिया किनाऱ्यावर येऊन गलबतांना ओवाळत, अशी परंपरा सांगितली जाते. नारळी पौर्णिमेशी त्याचे साम्य आहे, परंतु माझ्या मते ते वरवरचे आहे. नारळी पौर्णिमेला जो कोळी स्वतः दर्यात जाणार असतो, तोच खवळलेल्या समुद्राला शांत होण्याची विनंती करतो. बोइत बंदाण हा मात्र मागे राहणाऱ्यांचा सण आहे, आणि त्याचे सारे विधी त्या नजरेने पाहिले म्हणजे नीट उलगडतात.

नोकरीनिमित्त मी काही वर्षे भुवनेश्वरमध्ये राहत होते, त्यामुळे लिंगराज मंदिराजवळच्या बिंदुसागर तलावावरचा हा सण मला जवळून पाहता आला. उजाडण्यापूर्वीच पायऱ्या माणसांनी भरून जातात. पारंपरिक होडी केळीच्या सोपटाची असते. सोपटाची दोन्ही टोके वर वळवून ती बांबूच्या काड्यांनी अडकवतात आणि पोकळ भागात विड्याचे पान, सुपारी, फुले, एखादे नाणे व पेटती पणती ठेवतात. शोला नावाच्या पाणवनस्पतीच्या पांढऱ्या, हलक्या गाभ्याच्या आणि रंगीत कागदांच्या होड्याही बाजारात मिळतात. होडी पाण्यावर ठेवल्यानंतर तिला ढकलत नाहीत, तर मागचे पाणी तळहाताने हलकेच सारतात, म्हणजे पणती न विझता होडी पुढे सरकते. त्या वेळी सारे घर मिळून म्हणते: ‘आ का मा बै, पान गुआ थोइ, पान गुआ तोर, मासक धरम मोर.’ पहिली चार अक्षरे आषाढ, कार्तिक, माघ आणि वैशाख या चार पवित्र महिन्यांची मानली जातात. पान-सुपारी तुला अर्पण केली आहे, ती तुझी, आणि महिन्याच्या व्रताचे पुण्य माझे, असा पुढचा आशय आहे. कार्तिकभर अनेक ओडिया घरांत सामिष अन्न वर्ज्य असते आणि वडीलधाऱ्या स्त्रिया हविष्यान्नावर, म्हणजे व्रताच्या साध्या सात्त्विक अन्नावर राहतात, त्यामुळे ‘मासक धरम’ हे शब्द म्हणणाऱ्याला त्या पुण्याची किंमत ठाऊक असते.

कार्तिकच का, याचे उत्तर वाऱ्यात आहे. या सुमारास नैऋत्य मोसमी पाऊस परतलेला असतो आणि बंगालच्या उपसागरावर ईशान्येचे वारे सुरू होतात. ते पाठीशी घेऊन शिडाची गलबते किनाऱ्याने दक्षिणेकडे सिंहलद्वीपापर्यंत उतरत आणि तिथून पूर्वेकडच्या बेटांकडे वळत, तर परतीचा प्रवास पुढच्या नैऋत्य वाऱ्यांवर होत असे. म्हणजे कार्तिकात निघालेला माणूस लवकरात लवकर पुढच्या पावसाळ्यात घरी दिसणार. शिवाय ऑक्टोबर-नोव्हेंबर हा या किनाऱ्यावर चक्रीवादळांचाही काळ आहे. 1999 चे महाचक्रीवादळ 29 ऑक्टोबरलाच पारादीपजवळ धडकले होते. किनाऱ्यावर दिवा घेऊन उभ्या राहणाऱ्या स्त्रीची काळजी किती खरी असेल, हे त्यावरून समजते.

या सणाचा दुसरा अर्धा भाग भाद्रपदात आहे, आणि त्याकडे बाहेरच्यांचे सहसा लक्षच जात नाही. भाद्रपदातील रविवारी कुमारिका ‘खुदुरुकुणी’ हे व्रत करतात, मंगला देवीला तांदळाच्या कण्यांचा नैवेद्य दाखवतात आणि तापोईची कथा ऐकतात. तापोई ही साधवाची लाडकी लेक आणि सात भावांची एकुलती एक बहीण. भाऊ व्यापारासाठी समुद्रापार जातात आणि घरी वहिन्या तिचा छळ मांडतात, तिला शेळ्या राखायला रानात धाडतात. तिच्यावर माया करते ती एकटी धाकटी वहिनी. तापोई मंगलेचे व्रत करते, भाऊ सुखरूप परततात, आणि छळ करणाऱ्या वहिन्यांची ती नाके कापते. शेवट कठोर आहे खरा, परंतु पुरुष वर्षभर दूर असताना घरात काय घडत असेल, याची इतकी स्पष्ट नोंद मला कोणत्याही इतिहासाच्या पुस्तकात मिळालेली नाही. कार्तिकातले प्रस्थान आणि भाद्रपदातील परतीची वाट पाहणे, असे हे दोन सण एकमेकांना जोडूनच पाहायला हवेत.

ऐतिहासिक आधाराविषयी बोलायचे, तर व्यापार निःसंशय होता. चिलिका सरोवराच्या मुखाशी असलेल्या माणिकपाटणा येथील उत्खननात रोमन बनावटीच्या कुंभांचे तुकडे आणि चिनी मातीची भांडी सापडली आहेत. टॉलेमी या प्राचीन ग्रीक भूगोलकाराने उल्लेख केलेले ‘पालूरा’ हे गंजाम जिल्ह्यातील पालूर असल्याचे बहुतेक अभ्यासक मानतात. कालिदासाने रघुवंशात इंदुमतीच्या स्वयंवरातील कलिंगराजाला महेंद्र पर्वताचा आणि महासागराचा स्वामी म्हटले आहे. बालीच्या उत्तर किनाऱ्यावरील सेंबिरान येथे भारतीय बनावटीची, चक्रांकित नक्षीची खापरे मिळाली आहेत. मात्र तशी खापरे तमिळ किनाऱ्यावरही विपुल सापडतात, त्यामुळे बालीशी व्यापार एकट्या कलिंगाने केला, हा समाजमाध्यमांवर वारंवार दिसणारा दावा मी स्वीकारत नाही. कलिंगाचा वाटा मोठा होता, एवढे म्हणणे पुरेसे आहे आणि ते अभिमानास्पदही आहे.

याच दिवशी गोव्यात साखळीजवळच्या विठ्ठलापूर येथे वाळवंटी नदीत सजवलेल्या होड्या सोडतात. तो त्रिपुरारी पौर्णिमेचा उत्सव त्रिपुरासुराच्या वधाशी जोडलेला आहे, त्यामुळे दोन्हींचे मूळ एकच असल्याचे समजू नये.

आपण प्रत्यक्ष जाणार असाल, तर पहाटे बिंदुसागरावर किंवा कटकला महानदीच्या गडगडिया घाटावर पोहोचावे. उन्हे वर येईपर्यंत बहुतेक घरे परतलेली असतात. होडी केळीच्या सोपटाचीच घ्यावी. थर्माकोलच्या होड्यांचा चुरा नंतर कित्येक दिवस काठाला तरंगत राहतो, आणि ज्या पाण्याची पूजा केली त्याची अशी अवस्था पाहणे मला फार जड गेले. कटकमध्ये त्याच दिवसापासून बाराबाटी किल्ल्याजवळ महानदीच्या वाळवंटात बालीजात्रा ही मोठी जत्रा भरते. हा किल्ला 1803 पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होता, हे मराठी माणसाने तिथे जाताना लक्षात ठेवावे. जत्रेत ताटाएवढी ठुंका पुरी आणि कटकचा दहीबरा-आळूदम (दहीवडे आणि बटाट्याची रस्सेदार भाजी) अवश्य खावा. हाताशी एक दिवस असेल, तर जोब्रा येथील सागरी संग्रहालय जत्रेची गर्दी सुरू होण्याआधी, सकाळीच पाहून घ्यावे.