आधी मुलीचा एको

पत्र: माझ्या १७ वर्षांच्या मुलाला हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी निघाली आहे. डॉक्टरांनी क्रिकेट बंद केलंय. तो कुणाशी धड बोलत नाही. सासूबाई म्हणतात, आमच्या घराण्यात असलं काही नव्हतं. मोठीला सुदैवाने काही नाही. मागे सिंहगड चढताना एकदा चक्कर येऊन पडली होती, पण उपाशी होती. तिच्यासाठी स्थळं बघतोय. मुलाला कसं समजावू? – एक आई, सहकारनगर

उत्तर: बाई, ‘उपाशी होती’ हे तुम्ही ठरवलंत की डॉक्टरांनी? निम्मं पुणं उपाशीपोटीच सिंहगड चढतं, वर पिठलं-भाकरी हाणता यावी म्हणून. ते सगळे काही वाटेत कोसळत नाहीत.

या आजारात हृदयाचा स्नायू जाड होतो. दोष बहुतेकदा जनुकात असतो, आईकडून किंवा वडिलांकडून येतो. ज्याच्याकडून आला, त्याच्या प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के. मुलगा-मुलगी असा भेद नाही. कित्येकांना काहीच त्रास होत नाही, म्हणून ‘तिला काही नाही’ याला अर्थ नाही. आणि तिला तर त्रास झालाय! दम लागेल अशा श्रमात शुद्ध हरपणं, याच खुणेला हृदयाचे डॉक्टर फार बिचकतात.

स्थळं बघताना फाईल नको, बभ्रा होईल, हेच ना मनात? मला राग येतोय, लपवत नाही. उद्या तिचं बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरांना हे आधी कळायला हवं की ऐनवेळी?

याच आठवड्यात तिचा ईसीजी आणि टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करा. मुलाचा रिपोर्ट सोबत न्या. गडावर काय झालं ते तिला सांगू द्या: चढता चढता धाडकन पडली की थांबल्यावर, आधी छातीत धडधडलं का. तुम्ही मध्ये बोलू नका. तोवर गड नाही, जिम नाही. एको चांगला आला तरी एवढ्यावर सुटका नाही; जाडी पुढेही वाढू शकते, डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा तपासायचं.

मुलाला समजावू नका. सतराव्या वर्षी बॅट सुटली, तो रुसणारच, पोर बिचारं. कुठला व्यायाम चालेल, हे पुढच्या वेळी त्यालाच डॉक्टरांना विचारू दे. बहुतेकदा काहीतरी चालतं.

घराण्याचा वाद घालत बसू नका. तुमचा आणि यजमानांचा एकोही त्याच खेपेत उरकून घ्या.