सभागृहाच्या वेळा नंतर ठरवा, आधी सह्यांचं बघा

नमस्कार भाऊ. तुमची पोस्ट काल रात्री दोनदा वाचली. ले-आउटच्या ओपन स्पेसवर ज्येष्ठ नागरिक मंडळाचं सभागृह, अध्यक्ष दोन महिन्यांपूर्वी वारले, किल्ली अजून त्यांच्याच घरी, दुपारी कॅरमवाले आणि भजनी मंडळ यांची वेळेवरून बाचाबाची. तुम्ही विचारलंय की नियम आणि वेळापत्रक कसं करायचं. पण अगदी शेवटी जाता जाता लिहिलंय, 'बँकेतून पैसे काढायला सध्या अडचण येते आहे.' माझा जीव त्या ओळीवर अडकला. आमचं मंडळ जवळपास तीन वर्षं तिथेच अडकून होतं.

मी आर्वी तालुक्यातली. आरोग्य सेविका म्हणून नोकरी केली, निवृत्त झाल्यावर मंडळाची कोषाध्यक्ष झाले. वकील नाही, हिशेबनीसही नाही. जे भोगलं तेवढंच सांगते. तुमचं मंडळ १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेलं असेल असं धरून लिहिते, कारण गावाकडची बहुतेक मंडळं तशीच असतात. सहकारी गृहनिर्माण संस्था असेल तर ते सगळं उपनिबंधकाकडचं प्रकरण, तिथे माझं ऐकू नका.

आमची नोंदणी २००८ ची. सुरुवातीचे सात जण, त्यांची नावं धर्मादाय कार्यालयाच्या परिशिष्ट १ वर, म्हणजे विश्वस्तांच्या सरकारी नोंदीत, चढली. त्यानंतर दर तीन वर्षांनी आम्ही रीतसर सभा घेतली, नोटीस काढली, नवीन कार्यकारिणी निवडली, वहीत ठराव लिहिला, सगळ्यांनी सह्या केल्या, चहा-पोहे झाले आणि वही कपाटात गेली. २०११, २०१४, २०१७. तीनदा. बदल अर्ज एकदाही टाकला नाही. कार्यकारिणीत बदल झाला की ९० दिवसांच्या आत तो या अर्जाने धर्मादाय कार्यालयाला कळवावा लागतो, कायद्याचं कलम २२ आहे. आम्हाला वाटायचं वहीत लिहिलं म्हणजे झालं. कागदावर मात्र आमचं मंडळ २००८ मध्येच थांबलेलं होतं. त्या सातपैकी तीन जण वारलेले, एक मुलाकडे पुण्याला कायमचे गेलेले.

त्यात बँकेचं खातं अध्यक्ष आणि कोषाध्यक्ष अशा दोघांच्या संयुक्त सहीचं. फेब्रुवारी २०१८ मध्ये आमचे अध्यक्ष गेले.

मार्चमध्ये मी आणि सचिव बँकेत गेलो. कोणती बँक, ते सांगत नाही. पिशवीत पासबुक, चेकबुक, ठरावाची वही आणि मृत्यूचा दाखला. काउंटरवरच्या मुलाने चेक पाहिला, माझी सही स्क्रीनवरच्या सहीशी ताडली आणि दुसऱ्या सहीच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. 'ही सही कुठाय काकू?' मी दाखला पुढे केला. तो त्याने वाचला, घडी मोडली होती तशीच परत घातली आणि चेकसोबत माझ्याकडे सरकवला. 'मग नवीन अध्यक्षांची सही आणा.' आम्ही ठराव दाखवला. त्यावर म्हणाला, साहेबांना विचारा. साहेब त्या दिवशी जिल्ह्याला मीटिंगला गेलेले.

खात्यात १,८४,६०० रुपये होते. वर्गणी, भाड्याचे पैसे, आणि त्यातले पन्नास हजार एका सभासदाने बायकोच्या आठवणीत संडास बांधायला दिलेले.

परिशिष्टावर नवीन नावं असल्याशिवाय सही बदलता येणार नाही हे बँकेचं म्हणणं चूक नव्हतं, हे मी आज मान्य करते. राग येतो तो वेगळ्या गोष्टीचा. हे एक वाक्य सांगायला त्यांनी चार महिने घेतले. एकदा म्हणाले ठरावाची नक्कल आणा. नेली तर म्हणाले सगळ्यांचे आधार, पॅन, फोटो आणा. ते नेले तर नोंदणीचं मूळ प्रमाणपत्र आणा. एकदा लिंक नाही, एकदा साहेब बदलून गेले, नवीन साहेबांना पहिल्यापासून सांगा. आमच्या सचिवांचे टोंगळे (गुडघे) दुखायचे, ते एसटीत मागच्या बाकावर पाय लांब करून बसायचे आणि दर वेळी रिकाम्या हाताने परत. परिशिष्टाचा उतारा लागेल हे जुलैमध्ये कळलं, तेही एका शिपायाने व्हरांड्यात सांगितलं म्हणून.

मग धावपळ सुरू. तिन्ही निवडणुकांचे वेगवेगळे बदल अर्ज, प्रत्येकासोबत उशीर माफ करावा असा अर्ज, सभेची नोटीस, इतिवृत्ताची नक्कल, नवीन लोकांची संमतीपत्रं, प्रतिज्ञापत्रं, वारलेल्यांचे मृत्यूचे दाखले. २०११ च्या सभेची नोटीस कोणाकडे असणार? आम्ही सात घरं धुंडाळली, ती एका काकाजींच्या ट्रंकेत विजेच्या जुन्या बिलांखाली सापडली. वर्ष २०२० उजाडलं, करोना आला, सगळं बंद. दोन वर्षं खात्यात आमचा एकही व्यवहार नाही म्हणून बँकेने खातं निष्क्रिय केलं, तो आणखी एक अर्ज. पैसे हातात आले ते जानेवारी २०२१ मध्ये.

मधल्या काळात काय झालं ते सांगते, म्हणजे तुम्ही हे पुढे ढकलणार नाही. वर्गणी गोळा करून काही महिने वीजबिल भरलं, मग लोक म्हणाले खात्यात पैसे असताना आम्ही परत का द्यायचे. २०१९ च्या एप्रिलमध्ये मीटर कापलं. आमच्याकडचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. नवतपाच्या त्या नऊ दिवसांत पारा ४५ च्या वर, आणि गावात दुपारी कूलरखाली बसायला मिळेल अशी ती एकच जागा होती. रोज येणारे अकरा जण घरी बसले. त्यातले एक काकाजी टिनाच्या घरात एकटे राहायचे, रोज एक वाजता सोंगट्यांची डबी घेऊन हजर. सभागृह पुन्हा उघडलं तेव्हा त्यांना पायरी चढवत नव्हती. पायाची ताकद बसून बसून गेली, हे मी माझ्या नोकरीच्या अनुभवावरून सांगते. मला आजही त्या डबीची आठवण आली की वाईट वाटतं.

म्हणून तुम्ही आधी एवढं करा. या आठवड्यात परिशिष्ट १ चा ताजा उतारा काढा आणि त्यावर कोणाची नावं आहेत ते बघा. जुने बदल राहिले असतील तर सगळ्यात जुन्यापासून सुरुवात करा, मधलाच कोणता टाकू नका. शे-पाचशे रुपये वाचवायला स्वतः लिहीत बसू नका, हे काम रोज करणारा वकील धरा. खात्यावर तीन सह्या ठेवा आणि तिघांपैकी कोणत्याही दोघांची चालेल असं लिहून घ्या. तिसरी सही साठीच्या आतल्या माणसाची असावी असं माझं ठाम मत आहे, मग मंडळातल्या कोणाला काही वाटो. आणि खातं हलतं ठेवा.

बँकेशी तोंडी बोलू नका. अर्ज दोन प्रतींत न्या, एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. आम्ही चौदा चकरा तोंडी मारल्या, त्यांचा आज एक कागद नाही. लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. २०२१ च्या नोव्हेंबरपासून एकच योजना आहे, फी नाही, १४४४८ वर माहिती मिळते. तुमची बँक त्यात बसते का ते मात्र आधी विचारा.

मीटर कोणाच्या नावावर आहे तेही बघा. आमचं तेही अध्यक्षांच्याच नावावर निघालं. आणि ओपन स्पेस सातबाऱ्यावर अजून ले-आउट पाडणाऱ्याच्या नावे आहे की ग्रामपंचायतीकडे आली आहे, हे तपासल्याशिवाय एक वीट वाढवू नका. त्यावर वेगळं लिहावं लागेल.

आता तुमचा मूळ प्रश्न. वेळापत्रक एका बैठकीत होतं, फार ताणू नका. आमच्याकडे दुपारी १२ ते ४ कॅरम, बुद्धिबळ आणि पेपर, ४ ते ६ बायकांसाठी, आणि दिवस मावळला की गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना. प्रार्थनेच्या वेळी कॅरम बंद, यावर वाद नाही. भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत संध्याकाळ बायकांच्या भुलाबाईच्या गाण्यांची. आधी पुरुष मंडळी कुरकुरली, आता तेच खिरापत ओळखायला बसतात. बायकांची वेळ कागदावर लिहून भिंतीला लावा, नाहीतर ती सगळ्यात आधी खाल्ली जाते.

भांडण कॅरमवरून दिसतं, पण बहुतेक वेळा ते कूलरमध्ये पाणी कोण भरणार यावरून असतं. आम्ही दर महिना दोनशे रुपयांवर एक मुलगा लावला, निम्मी भांडणं संपली.

भाड्याने द्यायचं तर तेरवी आणि साक्षगंधापुरतं (साखरपुड्यापुरतं) द्या. लग्नाला देऊ नका. लग्नाच्या मांडवात आमच्या दोन पराती आणि एक मोठा गंज (पातेलं) गेला तो गेलाच. भांडी मोजून द्या, मोजून घ्या, अनामत ठेवा. भोंगा रात्री १० नंतर बंद, तो तर सरकारी नियमच आहे, २००० सालचा. राजकीय सभेला कोणत्याच पक्षाला नाही, एकदा दिलं की दुसऱ्याला नाही म्हणता येत नाही.

आणखी एक, नर्सबाईचा सल्ला समजा. पैसे सुटले की टीव्ही घेऊ नका, आधी कमोड आणि पकडायला दांडा बसवा. फरशी खरखरीत हवी. खुर्च्या हाताच्या घ्या, बिनहाताच्या खुर्चीतून टोंगळेदुखीचा माणूस उठू शकत नाही, मग तो येणंच सोडतो आणि आपल्याला वाटतं त्याला आवड नाही.

राहिली किल्ली. तुम्ही लिहिलंय की 'त्यांच्या घरचे देत नाहीत.' आम्ही चेकबुक मागायला आमच्या अध्यक्षांच्या घरी तेरवीच्या दिवशी गेलो होतो. पंगत उठत होती, वहिनी भिंतीला टेकून बसलेल्या, आणि आमच्या सचिवांनी विचारलं. त्या काही बोलल्या नाहीत, उठून कपाट उघडलं आणि चेकबुक आणून दिलं. पुढे दोन वर्षं त्या सभागृहाकडे फिरकल्या नाहीत. तुम्ही चार-पाच पुरुष मिळून जाऊ नका. मंडळातल्या दोघी बायकांना पाठवा, पहिल्या दिवशी नुसतं बसू द्या, किल्लीचं नाव काढू नका. दुसऱ्या खेपेला मागा. किल्ली, चेकबुक, वह्या, जे मिळेल त्याची यादी करून त्यावर तुमची सही करून त्यांना द्या. मृत्यूच्या दाखल्याच्या चार प्रती त्याच वेळी मागून घ्या, तिथे परत परत जावं लागू नये.

उतारा हातात आला की त्यावर किती जुनी नावं निघाली ते इथेच लिहा. आमच्या अर्जांसोबत कोणते कागद जोडले होते ती यादी माझ्याकडे आहे, ती टाकते.