4.6 सेंमीचा अ‍ॅन्युरिझम: ऑपरेशन केलं नाही तर कधी फुटेल?

वडिलांच्या पोटातली महाधमनी 4.6 सेंमी फुगली आहे, डॉक्टर ‘वर्षाने परत सोनोग्राफी करू’ म्हणतात आणि घरचे म्हणतात, फुटायची वाट बघायची का? मी रेडिओलॉजिस्ट आहे, त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही.

फुटण्याची तारीख कुणी सांगू शकत नाही, पण आकारावरून धोका बराचसा कळतो. एरवी 2 सेंमीच्या आसपास असलेली ही नळी 3 वर गेली की अ‍ॅन्युरिझम म्हणतात. लहान फुगवटा वर्षाला सरासरी 2-3 मिमी वाढतो, मोठा त्याहून वेगाने, कारण रक्तदाब तेवढाच राहिला तरी व्यास वाढला की भिंतीवरचा ताण वाढतो. 4 ते 5.5 सेंमीमध्ये, नियमित तपासणीत असलेल्यांपैकी वर्षाला शंभरात साधारण एखाद्याचा फुटतो. 7 च्या पुढे हाच आकडा 30 च्या घरात जातो. ब्रिटन-अमेरिकेतल्या चाचण्यांत 4 ते 5.5 च्या टप्प्यात लवकर ऑपरेशन करून आयुष्य वाढलं नाही. म्हणून पुरुषांत 5.5 पर्यंत थांबतात. बायकांत लहान आकारालाही फुटतो, तिथे 5.

आता मापाबद्दल. महाधमनी वाकडी असेल आणि स्कॅनच्या चित्रातला छेद तिरका गेला तर गोल नळी लंबगोल दिसते, माप फुगतं. उलट आत भिंतीला रक्ताची गुठळी चिकटलेली असते; ती सोडून फक्त वाहत्या रक्ताचा भाग मोजला तर 4.6 चं 3.5 सुद्धा होईल. दोन जणांच्या मापात 3-4 मिमीचा फरक सहज पडतो. म्हणजे ‘सहा महिन्यांत 3 मिमी वाढलं’ यावर लगेच झोप उडवू नका. शक्यतो एकाच ठिकाणी तपासा आणि जुना रिपोर्ट सोबत न्या.

वडील सिगरेट ओढत असतील तर ती आजच बंद. वाढ खात्रीने थोपवणारं औषध अजून नाही. रक्तदाबाच्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या हृदयासाठी तरीही घ्याव्याच लागतात.

अचानक पोटात, पाठीत किंवा कुशीत जोराची कळ आली, घाम फुटला, चक्कर आली, तर ताबडतोब मोठं हॉस्पिटल गाठा. ही कळ मुतखड्याची समजली जाण्याची चूक नेहमीची आहे, म्हणून आत शिरताच ‘पोटात अ‍ॅन्युरिझम आहे’ हे आधी सांगा. फुटल्यावर बहुतेक जण वाचत नाहीत. जे वाचतात त्यांच्यात बऱ्याचदा रक्तस्राव पोटामागच्या जागेत काही वेळ अडून राहिलेला असतो.