ईईजी आणि एमआरआय दोन्ही नॉर्मल, मग फिट आली कशी? गोळ्या सुरू करायच्या का?

तुमचा भाऊ 23 वर्षांचा, हिंजवडीत नोकरीला. पहाटे उशिरा झोपला, उठल्यावर तासाभरात रूमवर फिट आली. ईईजी, एमआरआय नॉर्मल. एक न्यूरोलॉजिस्ट गोळ्या सुरू करा म्हणतात, दुसरे थांबा म्हणतात. कुणाचं ऐकायचं, असं तुम्ही विचारलंय.

आधी ईईजीबद्दल, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या नोंदीबद्दल. तो वीस-तीस मिनिटांचा असतो आणि त्या वेळात मेंदू शांत असेल तर रिपोर्ट नॉर्मलच येणार. ज्यांना नक्की एपिलेप्सी (अपस्मार, म्हणजे पुन्हा पुन्हा फिट येण्याचा आजार) आहे अशांतही पहिला ईईजी जवळपास निम्म्या वेळा नॉर्मल येतो. म्हणून निदान कागदावरून नाही, बघणाऱ्याच्या सांगण्यावरून होतं. ज्यानं फिट पाहिली त्या रूममेटला पुढच्या भेटीत सोबत न्या. तो कामात असेल तर तपासणीच्या वेळी त्याला फोन लावून द्या. ही एक गोष्ट दुसऱ्या एमआरआयपेक्षा जास्त उपयोगाची आहे.

त्याला विचारायचं ते असं. उभा असताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन, घाम फुटून, पांढरा पडून कोसळला का? पडल्यावर दोन-चार झटके आले आणि अर्ध्या मिनिटात नीट बोलायला लागला का? मग ती बहुधा नुसती चक्कर, रक्तदाब उतरल्याची. की अंग आधी ताठ झालं, डोळे उघडे, ओठ निळे, मग एक-दोन मिनिटं झटके, जीभ कडेला चावली गेली आणि नंतर बराच वेळ माणसं ओळखत नव्हता? मग ती फिट. कपड्यात लघवी दोन्हींत होऊ शकते, त्यावरून काही ठरत नाही. डोळे सुरुवातीपासून शेवटपर्यंत घट्ट मिटलेले असतील, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्यानं निदानाची दिशाच बदलू शकते. आणि ईसीजी काढला नसेल तर काढून घ्या. हृदयाच्या ठोक्यांची गडबड फिटसारखी दिसते आणि ती चुकली तर जिवावर बेतते.

आता तुमच्या भावाच्या बाबतीत मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा प्रश्न. सकाळी ब्रश करताना, चहाचा कप धरताना हाताला अचानक झटका बसून वस्तू हातातून उडते का? मुलं हे आपणहून सांगत नाहीत, झोप झाली नाही म्हणून होतंय असं समजतात. हे होत असेल तर ज्युव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सीची (तरुण वयात सुरू होणारा, असे अचानक झटके बसणारा अपस्माराचा प्रकार) दाट शंका येते: याच वयात, जागरणानंतर, उठल्या उठल्या. मग ही फिट म्हणजे आजाराची सुरुवात नव्हे, गोळ्या आत्ताच सुरू करायला हव्यात, आणि औषधाची निवडही महत्त्वाची. कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइननं हे झटके वाढू शकतात. पुरुषांत व्हॅल्प्रोएट किंवा लेव्हेटिरासिटाम देतात. मुलगी असती तर व्हॅल्प्रोएट शक्यतो टाळलं असतं, कारण गर्भाला त्याचा धोका आहे.

असे झटके कधीच नसतील, एकच फिट असेल आणि तपासण्या खरोखर नॉर्मल असतील, तर थांबणं चूक नाही. पहिल्या फिटनंतर दोन वर्षांत दुसरी येण्याचा धोका ढोबळमानानं 21 ते 45 टक्के असतो. तपासण्या नॉर्मल असल्या की तो खालच्या बाजूला. गोळ्यांनी त्या दोन वर्षांतला धोका कमी होतो, पण पुढे आजार कसा राहील हे बदलत नाही. मात्र थांबायचं ठरवण्याआधी जागरण करून, झोपेत आणि उठल्यावर असा ईईजी पुन्हा करून घ्या. आदल्या दिवशी शाम्पूनं डोकं धुवायचं, तेल लावायचं नाही. तेलकट टाळूवर इलेक्ट्रोड नीट चिकटत नाहीत.

गोळ्या सुरू झाल्या तर लेव्हेटिरासिटाम साधारणपणे 250 किंवा 500 मिलीग्रॅम, दिवसातून दोनदा. पहिल्या काही आठवड्यांत चिडचिड, उदासी वाढतेय का, याकडे रूममेटनं लक्ष ठेवावं. वाढली तर डॉक्टरांना कळवायचं, मनानं गोळी बंद करायची नाही. एकदम बंद केली की फिट परत येतात, कधी एकामागून एक.

फिट आली तर कांदा नाही, चप्पल नाही, तोंडात चमचा नाही. कुशीवर वळवा, आजूबाजूच्या वस्तू सरकवा, मोबाइलवर वेळ लावा, जमलं तर दुसऱ्या कुणाला व्हिडिओ काढायला सांगा. पाच मिनिटं उलटली तर 108. फिट थांबवण्यासाठी नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे लिहून दिला असेल तर किती फवारे ते डॉक्टरांकडून त्या बाटलीसाठीच लिहून घ्या. एका फवाऱ्यातलं प्रमाण सगळ्या बाटल्यांत सारखं नसतं.

आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत टू-व्हीलर बंद. कंपनीची बस किंवा पीएमपी. एकट्यानं पोहायला जायचं नाही, आणि बाथरूमची कडी आतून लावायची नाही.