पॉइंटर ६.४ आहे, ७ होईल का?

पॉइंटर म्हणजे सेमिस्टरची, मुलांच्या भाषेत सेमची, १० पैकी ग्रेडची सरासरी, एका सेमची किंवा सगळ्या सेमची मिळून. थर्ड इयर सुरू झालं की हा प्रश्न घेऊन मुलं येतातच, कारण प्लेसमेंट समोर दिसायला लागते. त्यातली एक केस सांगते, नाव बदललंय, सायली म्हणू. भांडुपची मुलगी, इंजिनिअरिंगला, कॉलेज अंधेरीला, म्हणजे सकाळी लोकलने घाटकोपर आणि तिथून मेट्रो, जाऊन येऊन दोन-अडीच तास प्रवासातच जायचे. बाबांबरोबर आली होती. बसल्या बसल्या मोबाईल पुढे केला, त्यावर कुठल्यातरी कॅल्क्युलेटरचा आकडा होता, ९.४.

"मॅडम, पाचव्या सेमला ९.४ पाडायचेत, तरच ७ होतोय."

आजवरची तिची बेस्ट सेम ७.२ ची. पंधरा दिवस रात्री दोन-दोनपर्यंत जागत होती आणि बाबा म्हणत होते, "अगं मेहनत केली की सगळं होतं." ते प्रेमानेच म्हणत होते, पण प्रत्येक वेळी ती मान अजूनच खाली घालत होती.

मी कागद घेतला. क्रेडिट म्हणजे सरासरीत त्या विषयाचं वजन. चार सेमचे मिळून ८० क्रेडिट, पॉइंटर ६.४, म्हणजे ८० गुणिले ६.४, ५१२ पॉइंट खात्यात जमा. एका सेमचे क्रेडिट २०. पाचव्याच सेमला ७ गाठायचा तर १०० गुणिले ७ म्हणजे ७०० हवेत, राहिले १८८, भागिले २०, आला ९.४. कॅल्क्युलेटर चुकलेला नव्हता, पण सगळं एकाच सेममध्ये भरून काढ असं कोणी सांगितलं होतं? पाचवी-सहावी मिळून धरलं तर दोन्ही सेमला ८.२ लागतात आणि आठव्या सेमपर्यंत धरलं तर ७.६. पण कंपन्या सातव्या सेमला येतात, त्यांना सहावीपर्यंतचाच पॉइंटर दिसणार, हे मी लपवलं नाही. दोन्ही सेमला ७.४ आले तर ६.७३ होतो. मी स्पष्ट म्हटलं, तोपर्यंत ७ होईल असं मला वाटत नाही.

ती रडली. रडू दिलं.

मग विचारलं, हा ७ आला कुठून? तर एका सिनियरने सांगितलेला. प्लेसमेंट सेलकडून मागच्या वर्षीची यादी आणायला लावली, त्यात ७ मागणाऱ्या दोनच कंपन्या, बाकी बहुतेकांचा क्रायटेरिया ६ किंवा ६.५. बाबांनी ती यादी दोनदा वाचली आणि मग काही बोललेच नाहीत.

पुढचं काम खरं महत्त्वाचं, आणि तेच मुलं करत नाहीत. सेमला ४ क्रेडिटचे तीन विषय, ३ चे दोन आणि १-१ क्रेडिटच्या दोन लॅब. ४ क्रेडिटच्या विषयात एक ग्रेड वर गेली तर सेमचा पॉइंटर ०.२ ने वाढतो, लॅबमध्ये फक्त ०.०५ ने. आणि सायलीच्या रात्री कशात जात होत्या, तर लॅबचं जर्नल सुंदर अक्षरात परत लिहिण्यात! जर्नल वेळेत सबमिट कर, बास, हे तिला तीनदा सांगावं लागलं.

इंटर्नलचे मार्क आल्यावर परत बसलो. मॅथ्सला ४० पैकी ३१. यूजीसीच्या स्केलवर ए ग्रेडला ८ पॉइंट आणि ए प्लसला ९, तिच्या कॉलेजात ए साठी ६० मार्क लागतात, ए प्लससाठी ७०. म्हणजे एंड सेमच्या ६० पैकी २९ ला ए, ३९ ला ए प्लस. हे दोन आकडे तिने पेनाने वहीच्या कव्हरवर लिहिले. "२९ तर येतील," म्हणाली, आणि मला तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडं सैलपण दिसलं. अंदाज बांधायचा तो असा, हातात आलेल्या मार्कांवरून आणि विषयागणिक, नुसतं "यावेळी ९ पाडणार" म्हणून नाही.

एंड सेमला मॅथ्समध्ये ६० पैकी ३५ आले, म्हणजे ए. सेमचा पॉइंटर ७.३, एकूण ६.५८. आल्या आल्या म्हणाली, "एवढं करून ०.१८च वाढला?" वाईट वाटणं साहजिक आहे, मागचे ८० क्रेडिट जड असतात, ते एका सेममध्ये हलत नाहीत. पण मी तिलाच पुढचं गणित करायला लावलं. सहावीनंतर ६.५ च्या खाली न जायला ७८० पॉइंट हवेत, ६५८ झालेत, उरले १२२, भागिले २०.

"६.१? फक्त?"

परत केलं तिने. ६.१च आला.