आधी प्रश्नावली बाजूला ठेव

प्रिय बाय,

तुझा मेल मिळाला, सोबतची प्रश्नावलीपण वाचली. खरं सांगू ना? 'उत्तर गोव्यातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची माहिती साक्षरता: एक अभ्यास' हे शीर्षक बघितल्याबरोबर मला तुझं शेवटचं प्रकरण दिसलं. विद्यार्थ्यांना प्रशिक्षणाची गरज आहे, ग्रंथालयांनी उद्बोधन वर्ग घ्यावेत, इंटरनेटचा स्पीड वाढवावा. शोधगंगेवर, म्हणजे पीएचडी प्रबंधांच्या त्या ऑनलाइन साठ्यावर, जाऊन बघ, असले प्रबंध ढिगानं पडलेत, जिल्ह्याचं नाव बदलायचं, सॅम्पल बदलायचं, पाय चार्ट काढायचे आणि निष्कर्ष तोच. फॉर्म वाटायच्या आधीच लिहून ठेवता येईल असा निष्कर्ष असेल तर फॉर्म वाटायचेच कशाला गे?

तुझा सहावा प्रश्न बघ. 'मला इंटरनेटवरील माहितीची विश्वासार्हता तपासता येते', आणि पुढे पूर्ण सहमतपासून पूर्ण असहमतपर्यंत पाच चौकोन. यावर 'असहमत' कोण टिक करणार? वीस वर्षांचा मुलगा, बाजूला मित्र बसलेत, फॉर्म मॅडमनी दिलाय, तो 'सहमत'वर टिक मारून कँटीनला पळणार. फ्लोरिडातल्या मेलिसा ग्रॉस आणि डॉन लेथम यांनी कॉलेजात नव्यानं आलेल्या मुलांवर हेच तपासलं, आधी विचारलं तुम्हाला किती येतं, मग खरोखरची चाचणी घेतली, आणि ज्यांना कमी येत होतं त्यांचाच स्वतःबद्दलचा अंदाज फुगलेला निघाला. म्हणजे तुझी प्रश्नावली मुलांचा आत्मविश्वास मोजते. तोही विषय वाईट नाही, पण मग शीर्षकात तसं लिही.

इतिहासाचं प्रकरण लांबवू नकोस. पॉल झुरकोव्स्की यांनी १९७४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालय आयोगाला दिलेल्या अहवालात माहिती साक्षरतेची कल्पना मांडली, ते स्वतः माहिती विकणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेचे अध्यक्ष, त्यामुळे त्यांच्या डोळ्यासमोर नोकरी-धंद्यातला माणूस होता, विद्यार्थी नंतर आले. मग १९८९ ला अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या समितीनं व्याख्या केली, की माहितीची गरज कधी आहे ते ओळखणं, ती शोधणं, पारखणं आणि वापरणं. यातले शेवटचे तीन सगळेजण शिकवतात. पहिलं, गरज ओळखणं, ते कोणी बघतच नाही, कारण ते मोजायला अवघड. तुझ्या फॉर्ममध्येही ते कुठेच नाही, शोधून बघ.

आता मला काय म्हणायचंय ते आमच्या वाड्यावरच्या एका बाईंवरून सांगतो, नाव-गाव मुद्दाम घालत नाही. गृह आधार ह्या गोवा सरकारच्या गृहिणींसाठीच्या योजनेचे महिन्याचे १५०० रुपये त्यांच्या खात्यात यायचे बंद झाले. सरकारी वेबसाइट त्यांनी जन्मात उघडलेली नाही, तुझ्या फॉर्मवर त्यांना शून्य पडलं असतं. त्यांनी काय केलं, तर आधी नणंदेला फोन लावला, तिचे आले होते, म्हणजे सगळ्यांचे अडकलेले नाहीत एवढं कळलं. मग सेल्फ हेल्प ग्रुपच्या मीटिंगला विषय काढला, तिथे आणखी एकीचे अडकलेले निघाले आणि दोघींचं खातं एकाच बँकेत. मग अंगणवाडीच्या बाईंना गाठलं, त्या म्हणाल्या पासबुक घेऊन बँकेत जा, केवायसी राहिलं असेल, आणि तसंच होतं. मधल्या मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर एक लिंक आली होती, हप्ता अडकलाय काय, इथे आधार नंबर भरा म्हणून. ती त्यांनी उघडली नाही. मी विचारलं का हो, तर म्हणाल्या, "पैसे द्यायला सरकार कधी आपल्या दारात येतं काय सर? आपल्यालाच हेलपाटे घालायला लावतं. हे आपणहून आलंय म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे."

आता सांग, ही बाई माहिती निरक्षर कशी? अडचण आपली एकटीची की सगळ्यांची ते आधी तपासलं, मग अडकलेल्यांमध्ये समान काय ते शोधलं, मग ज्याला आतलं माहीत आहे असा माणूस गाठला.

पण थांब, लगेच 'लोकांचं शहाणपण' म्हणून गौरवायला घेऊ नकोस. ह्याच बाईंनी थोड्याच दिवसांनी मला एक मेसेज पाठवला, अमुक पानांचा काढा प्या, शुगरची गोळी कायमची सुटते, वर ते फॉरवर्डचे दोन बाण, म्हणजे निदान पाच हातांतून फिरून आलेला. कोणी पाठवला तर कुवेतच्या भावानं, आणि भावावर संशय कोण घेणार? तीच बाई, तोच फोन. पैशाच्या लिंकपाशी वकिलासारखी सावध आणि काढ्यापाशी एकदम भोळी. म्हणून माणसाच्या कपाळावर माहिती साक्षरतेचा एक आकडा चिकटवायला माझा विरोध आहे. माहिती कोणाकडून आली, कशाची निकड आहे, असल्या गोष्टी आधी कधी भोगल्यात काय, चुकलं तर पदरचं काय जाणार, ह्यावर सगळं फिरतं. तेव्हा एकेका प्रसंगाचा अभ्यास कर, माणसांना गुण देणं सोडून दे.

प्रसंगाचा अभ्यास करायचा कसा, हे अमेरिकेतल्या संशोधक ब्रेंडा डर्विन यांनी करून ठेवलंय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की माणूस चालता चालता एका जागी अडतो, पुढचं दिसत नाही, आणि ती फट पार करायला तो जे हाताला लागेल ते वापरतो, पुस्तक, शेजारी, देव, काहीही. त्यांची मुलाखतीची पद्धत तू उचल. 'तुम्ही माहिती कुठून मिळवता' असं विचारायचंच नाही, त्याला लोक पेपर, गुगल, यूट्यूब असं शाळेतल्यासारखं उत्तर देतात. एक घडलेला प्रसंग घ्यायचा आणि म्हणायचं, पहिल्यापासून सांगा, आधी काय झालं, मग काय झालं. प्रत्येक पायरीला तीनच गोष्टी विचारायच्या, तेव्हा मनात कुठला प्रश्न होता, उत्तर कोणाकडून मिळालं, आणि त्या उत्तराचा उपयोग काय झाला. एवढंच. मध्ये तू बोलायचं नाहीस, हे तुला जमणं कठीण आहे ते मला माहीत आहे. आणि कोकणीत बोलणाऱ्याचं कोकणीतच उतरवून घे, मराठीत किंवा इंग्लिशीत साफसूफ करायचं काम शेवटी.

दुसरं नाव एल्फ्रेडा चॅटमन. ह्या बाईंनी अमेरिकेत विद्यापीठातले सफाई कामगार, वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्या, तुरुंगातल्या बायका अशांमध्ये वर्षानुवर्षं काम केलं, आणि १९९६ च्या त्यांच्या लेखात माहितीच्या गरिबीबद्दल जे लिहिलंय ते दोनदा वाच. माणसाला गरज असते, माहितीही आसपास असते, तरी तो विचारत नाही, कारण विचारलं की आपली अडचण उघडी पडते. ते लपवणं, वरवरचं काहीतरी सांगून वेळ मारून नेणं, आणि विचारण्यात धोका किती ह्याचा हिशोब करणं, हे सगळं त्यांनी मांडलंय.

गोव्यात ह्याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. पोर्तुगीज पासपोर्ट. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना लिस्बनच्या सेंट्रल रजिस्ट्रीत जन्म नोंदवता येतो, हे गावात सगळ्यांना माहीत, पण कोण करतोय ते कोणी बोलत नाही. भारतीय नागरिकत्वाचा प्रश्न येतो, जमिनीचा येतो, भावकीचा येतो, मोठ्या घराचा तर हमखास येतो. मग माहिती एजंटकडे जमा होते आणि एजंट सांगेल ती पूर्व दिशा. अशा घरात तू फॉर्म घेऊन गेलीस तर चहा मिळेल, शिरवाळ्यापण मिळतील, उत्तर मिळणार नाही. इथे गप्प बसणं हीच तुझी डेटा. कुठल्या प्रश्नाला समोरचा विषय बदलतो ते लिहून ठेव.

मच्छीमारांचं मी ओझरतंच सांगतो कारण तो वेगळा प्रबंध होईल. हैदराबादची इनकॉइस संस्था उपग्रहावरून समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि हरितद्रव्य बघून मासळी कुठे मिळण्याची शक्यता आहे ते कळवते. ट्रॉलरवाला ते बघतो, पण पाण्याचा रंग, पक्षी, काल दुसऱ्या ट्रॉलरला काय मिळालं, हे त्याच्या जोडीला धरतो. ऑस्ट्रेलियात अ‍ॅनमरी लॉइड यांनी अग्निशामक दलाच्या लोकांवर असाच अभ्यास केलाय, नवा भरती झालेला मॅन्युअल पाठ करतो, पण धूर आणि उष्णता वाचायला तो जुन्या लोकांबरोबर राहून, अंगावर झेलून शिकतो. अशी माहिती कुठल्या कपाटात ठेवणार आपण? १ जून ते ३१ जुलै बंदी असते तेव्हा ही माणसं जेटीवर जाळी दुरुस्त करत बसलेली असतात, बोलायला वेळ असतो, एवढं लक्षात ठेव, पुढे उपयोगी पडेल.

बरं, तुला विद्यार्थीच घ्यायचे असले तरी हरकत नाही, फक्त विचारू नकोस, करायला लाव आणि बाजूला बसून बघ. सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांचा स्टॅनफर्डचा अभ्यास त्यासाठी नमुना म्हणून घे. १० इतिहासकार, १० फॅक्टचेकर आणि २५ स्टॅनफर्डचे विद्यार्थी, समोर कॉम्प्युटर, वेबसाइट बघता बघता मनात काय चाललंय ते मोठ्यानं बोलायचं. एका कामात मुलांच्या डॉक्टरांच्या दोन संघटनांच्या साइट होत्या, एक १९३० पासूनची हजारो सभासदांची, दुसरी २००२ साली फुटून निघालेला छोटा गट, दोघींची नावं जवळजवळ सारखी. विद्यार्थी पानावरच घुटमळले, रचना छान आहे, संदर्भ दिलेत, डॉक्टरांची नावं आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांनी छोट्या गटाची साइट जास्त विश्वासार्ह ठरवली. इतिहासकारसुद्धा, आयुष्य कागदपत्रं वाचण्यात गेलेले लोक, गडबडले. फॅक्टचेकर पानावर थांबलेच नाहीत, लगेच दुसरे टॅब उघडून ही संघटना कोण, हिच्याबद्दल इतर काय म्हणतात ते बघून आले, आणि सगळ्यांनी बरोबर ओळखलं. आपल्या लायब्ररीत आपण काय शिकवतो? पान नीट बघा, लेखक बघा, तारीख बघा, संदर्भ बघा. म्हणजे ते विद्यार्थी जिथे फसले तेच. आणि हल्ली एआयनं लिहिलेलं पानसुद्धा ह्या सगळ्या चौकोनांत पास होतं. (तू स्वतः चॅटबॉटकडून संदर्भ घेतेस तेव्हा प्रत्येक लेख खरोखर अस्तित्वात आहे काय ते उघडून बघ. तुझ्या यादीतले दोन मला कुठेच सापडले नाहीत.)

वाड्यावरच्या बाईंनी लिंक न उघडता नणंदेला फोन लावला तो प्रकार ह्याच्याशी किती जुळतो बघ. हे दोन्ही एकत्र ठेवून कोणी अभ्यास केला तर मला वाचायला आवडेल, बाकी तुझी मर्जी.

पणजीत पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीत एक सकाळ नुसती बसून काढ. १८३२ पासूनची संस्था आहे, तिथल्या दुर्मिळ पुस्तकांचं कौतुक सगळे करतात, तू माणसं बघ. स्वतःची पुस्तकं घेऊन येणारी स्पर्धा परीक्षेची मुलं, त्यांना फक्त टेबल आणि शांतता हवी असते, देवघेवीच्या आकड्यांत ती कुठेच दिसत नाहीत. जुनी जाहिरात शोधणारा कोणीतरी असतो. काउंटरवर येऊन काय विचारावं तेच न कळून परत जाणाराही असतो, आणि त्या १९८९ च्या व्याख्येतला पहिला भाग, गरज ओळखणं, तो हाच.

मुलाखतींचं लिहिताना जपून. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या गोव्याची वस्ती साडेचौदा लाख, मुंबईच्या एका उपनगराएवढीसुद्धा नाही म्हणणारे भेटतील. 'पेडण्याच्या एका गावातली बेकरी चालवणारी विधवा' एवढं लिहिलंस की नाव बदलून काही उपयोग नाही, तिसऱ्या दिवशी कोणीतरी तिलाच विचारेल. तेव्हा तालुका गाळ, धंदा थोडा अस्पष्ट कर, आणि समोरच्याला आधीच सांग की नको वाटलं तर मागाहूनही काढून टाकीन.

मेलच्या शेवटी लिहिलंयस की वाचेन तेवढा गोंधळ वाढतोय आणि हा विषयच आपल्याला झेपणारा नाही असं वाटतं. ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक कॅरल कुल्थाउ यांनी न्यू जर्सीच्या शाळकरी मुलांपासून सुरुवात करून शोधाच्या सहा पायऱ्या मांडल्या, त्यांतली तिसरी, विषय धुंडाळण्याची, हीच ती जागा जिथे आत्मविश्वास सगळ्यात खाली जातो आणि शंका वाढते. विषय ठरला की बरं वाटतं, मग वाचायला लागलं की घसरतं, आणि नेमका मुद्दा सापडला की परत वर येतं. तू आत्ता तिसऱ्या पायरीवर आहेस. अशा वेळी लोक घाबरून प्रश्नावली छापून टाकतात कारण काहीतरी हातात असल्यासारखं वाटतं.

तर चवथीची सुट्टी लागायच्या आधी दोन मुलाखती घे, ओळखीतल्याच, रेकॉर्ड करायला परवानगी विचारून. टाइप करून मला पाठव, विश्लेषण वगैरे काही नको. शीर्षक तोपर्यंत कोरं असू दे. गाइड मॅडमना तूच सांगायचंस, मी फोन करणार नाही, आणि त्या सॅम्पल साइज किती म्हणून विचारतीलच, तेव्हा म्हण की माणसं थोडी पण प्रसंग पुष्कळ.

तुझा,
सर