मॉन्स्टेरा नवीन आणलाय? सुरुवातीला एवढंच सांभाळा

रोपाची निवड छान केलीत. मॉन्स्टेरा मूळचा दक्षिण मेक्सिको ते पनामाच्या जंगलातला, मोठ्या झाडांच्या खोडांवर चढणारा वेल. त्याला हवा गाळून आलेला भरपूर उजेड, भुसभुशीत माती आणि चढायला आधार. मुंबईची दमट हवा त्याला मानवतेच, त्यामुळे पानांवर पाणी फवारत बसू नका.

खरी काळजी पाण्याची. यात सगळ्यात जास्त रोपं दगावतात, तीही पावसाळ्यात. वार ठरवून पाणी घालू नका. मातीत बोट दोन पेरं खुपसा. कोरडं लागलं तरच घाला, पण कुंडीखालून निथळेपर्यंत. मग ताटलीत साचलेलं ओतून टाका. माती ओली असूनही खालची पानं पिवळी पडत असतील, तर मुळं कुजताहेत असं समजा आणि पाणी लगेच थांबवा.

नेहमीच्या चुका:
- नर्सरीची चिकट लाल माती तशीच ठेवणं. निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे मिसळा.
- एकदम मोठी कुंडी. आधीपेक्षा दोन इंच मोठी पुरे.
- ग्रिलमध्ये दुपारच्या उन्हात ठेवणं. पानं करपतात.
- हवेतली मुळं कापणं. ती काथ्या गुंडाळलेल्या काठीकडे वळवा.

कोवळ्या रोपाची पानं अखंडच असतात, चिरा-भोकांची पानं रोप मोठं झाल्यावर येतात, धीर धरा. खताचं पुढे बघू. घरात मांजर किंवा रांगतं मूल असेल तर मात्र कुंडी आजच उंचावर ठेवा. पान चावलं तर तोंडाची भयंकर आग होते.